बंदूक पुसा, पण खोलू नका

कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या शेतीसंरक्षण परवानाधारक शेतकरी बंधू-भगिनींना एका बंदूक दुरुस्ती कारागिराचे खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

भात पोटरीला आलं आणि रानडुकरं शेतात उतरायला लागली, की आमच्या दुकानात बंदुका यायला लागतात. वर्षभर वाशाला टांगलेली बंदूक त्या आठवड्यात आठवते. त्याला हरकत नाही, आम्ही त्यासाठीच बसलो आहोत. पण हल्ली येणाऱ्या बंदुकांपैकी कितीतरी आधी घरी खोललेल्या असतात. स्क्रूची डोकी चेपलेली, कमान (स्प्रिंग) एका अंगाला वाकलेली, एखादी पिन कागदाच्या पुडीत वेगळी बांधून आणलेली. मालक सांगतो, "थोडं काम केलं होतं, पण मग बसेना." असं सांगणारा माणूस निदान आमच्यापर्यंत पोचला. ज्यांची बसली, आणि जे ती घेऊन रात्री मांगरात राखणीला गेले, त्यांची मला जास्त काळजी वाटते. हे पत्र मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. नळी आतून-बाहेरून स्वच्छ ठेवणं, लाकडाला तेल देणं, गंज चढू न देणं, वापरण्याआधी बंदूक तपासणं ही मालकाची कामं आहेत आणि ती मालकानेच वेळच्या वेळी करायची आहेत. पण घोडा, कमान, चाप आणि त्यांना अडवून धरणारे आतले बारीक भाग जिथे बसवलेले असतात, ते लॉक मालकाने उघडायचं नाही. नळीचा सांधा तासायचा नाही, नळीवर वेल्डिंग करायचं नाही, नळी कापायची तर अजिबातच नाही. कोणी म्हणेल, कारागीर आहे, धंद्यासाठी बोलणारच. पण घरी नीट पुसलेली बंदूक वर्षानुवर्षं आमच्याकडे यावी लागत नाही, हे मी रोज बघतो. आम्हाला काम मिळतं ते दुर्लक्षातून आणि घरगुती दुरुस्तीतून. त्यातलं दुसरं काम मला नको आहे.

ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरायच्या, बंदुकीपासून सुरुवात करतो, कारण ती भरलेली आहे की रिकामी हे डोळ्यांना दिसत नाही. काडतुसाची बंदूक मोडली, म्हणजे सांध्यातून उघडली, की कळतं, हिचं कळत नाही. केप, म्हणजे घोड्याखालच्या निपल नावाच्या पोकळ बोंडीवर बसवायची ठिणगीची टोपी, काढून ठेवली की बंदूक रिकामी झाली, असा आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. आत दारू तशीच असते, छर्रे तसेच असतात, आणि पुसायला घेतलेल्या बंदुकीचा बार घरात उडतो तो असाच. म्हणून हात लावण्याआधी गजाने, म्हणजे बार ठासायच्या दांडीने, मोजा. गज नळीत अगदी तळापर्यंत सोडा, नळीच्या तोंडाशी त्याला चिमटीत धरा, तसाच बाहेर काढा आणि नळीला बाहेरून लावून बघा. खालचं टोक निपलच्या जागेपर्यंत पोचलं तर नळी रिकामी आहे. दोन-चार बोटं अलीकडे थांबलं तर आत बार आहे. रिकाम्या नळीची खूण गजावर एकदाच कोरून ठेवा, मग दर वेळी बाहेरून लावून बघावं लागणार नाही. हे सगळं करताना तोंड, छाती किंवा दुसरा हात नळीच्या तोंडासमोर येऊ देऊ नका. बार आत निघाला आणि तो उडवता येण्यासारखी परिस्थिती नसेल, तर सळी घालून खरवडत बसू नका. केप काढा, नळीत पाणी ओतून दारू पूर्ण भिजू द्या आणि कारागिराला फोन करा. त्याच्याकडे आत फिरवून बार बाहेर ओढायचा स्क्रू असतो. आणि मुळात रात्री वापरली नाही म्हणून भरलेली बंदूक दुसऱ्या रात्रीसाठी तशीच टांगून ठेवणं बंद करा. घरात पोरंबाळं असतात.

आता पुसण्याबद्दल. काळ्या दारूचा बार उडाल्यावर नळीत जी राख राहते ती हवेतलं पाणी ओढून घेते. आपल्या दमट हवेत ती एका रात्रीत ओलसर होते आणि लोखंड खायला लागते. जुन्या पद्धतीच्या केपमधले क्षार निपलपाशी साठतात, ते तर त्याहून वाईट. हे दोन्ही पाण्यात विरघळतात, तेलात नाही. त्यामुळे बार उडवून आल्यावर नळीत नुसतं तेल सोडणारा माणूस गंजाला झाकण घालत असतो, खाली त्याचं काम चालूच राहतं. त्याच दिवशी गरम पाणी वापरा. ज्यांची नळी खुंटी काढून लाकडापासून सुटी होते त्यांनी ती सुटी करावी, ज्यांची होत नाही त्यांनी गजाला चिंधी गुंडाळून ती कढत पाण्यात बुडवून वरचेवर फिरवावी, आणि पाणी लाकडात किंवा लॉकमध्ये उतरू देऊ नये. चिंधी स्वच्छ निघेपर्यंत थांबायचं नाही. कढत पाण्याने नळी इतकी तापते की उरलेला ओलावा आपोआप सुकतो. मग कोरडी चिंधी, आणि शेवटी तेलाचा पातळ हात. शिलाई मशीनचं तेल चालतं. खोबरेल नको. घरात हाताशी असतं म्हणून सर्रास लावलं जातं, पण ते २४ अंशांच्या आसपास थिजतं. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे काजूच्या बागेत उभं राहिल्यावर घोडा जड का पडतो, बार उशिरा किंवा अजिबात का होत नाही, याचं कारण बऱ्याचदा लॉकमध्ये झिरपून थिजलेलं खोबरेल असतं. मग मालकाला वाटतं कमान गेली, आणि तो स्क्रू ड्रायव्हर शोधायला लागतो. अर्ध्या दुरुस्त्या अशा सुरू होतात.

रेक्झिनच्या किंवा चामड्याच्या खोळीत बंदूक कायमची ठेवू नका. खोळ प्रवासासाठी असते. पावसाळ्यात ती आत दमटपणा धरून ठेवते आणि गणपतीला खोळ उघडली की नळीवर तांबूस पुरळ उठलेला दिसतो. दसऱ्याला शस्त्रपूजा जरूर करा, पण हळद-कुंकवाची ओली बोटं नळीवर रात्रभर राहिली तर त्यांच्याखाली गंज धरतो. पूजा झाल्यावर, उत्तरपूजेची वाट न बघता, तेलाच्या फडक्याने पुसून घ्या. देवाला त्यात राग येण्यासारखं काही नाही.

काडतुसाच्या दुनळीच्या नळ्या उतरवणं म्हणजे बंदूक खोलणं नव्हे. पुढचं लाकूड काढायचं, बंदूक मोडायची, नळ्या आकड्यावरून (नळ्यांखालचं जे लोखंड मागच्या भागात अडकतं त्यावरून) उचलायच्या. ती पुसण्यासाठीच तशी घडवलेली आहे. नळ्या उतरवल्या की उजेडाकडे धरून मागच्या बाजूने आत बघा, दर वेळी बघा. आपल्याकडे कुंभारीण माशी भोक दिसलं की मातीचं घर बांधते, आणि वाशाला आडवी टांगलेली बंदूक तिला फार आवडते. ते मातीचं बोटभर घर नळीत असताना बार केला, तर त्या जागी नळी फुगते किंवा फाटते. नळीवर अंगठीसारखी फुगवटी आलेल्या बंदुका आमच्याकडे येतात आणि "ठोकून सपाट करता येईल का" असं विचारतात. येत नाही. पोचा बाहेर काढता येतो, फुगलेलं लोखंड मात्र ताणून पातळ झालेलं असतं. कितीही गुळगुळीत केलं तरी ती नळी पुन्हा बार सोसेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. नळ्या उतरवलेल्या असताना किंवा जोडल्यावर रिकाम्या बंदुकीचे चाप टाकटाक वाजवत बसू नका. जुन्या दुनळीतल्या फायरिंग पिना त्याने तुटतात.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आमच्याकडे सर्वांत जास्त केली जाणारी मागणी म्हणजे "चाप हलका करून द्या." आणि घरी सर्वांत जास्त केला जाणारा उद्योगही तोच. लॉकच्या आत घोड्याच्या अंगावर एक खाच असते आणि त्या खाचेत सिअर नावाच्या तुकड्याचं टोक अडकलेलं असतं. तुम्ही चाप ओढता तेव्हा ते टोक खाचेतून निसटतं आणि घोडा पडतो. सगळी बंदूक त्या टोकावर रोखलेली असते, आणि ती पकड मिलिमीटरभरही नसते. शिवाय खाचेच्या पृष्ठभागावरचा कडक केलेला थर फार पातळ असतो, त्याच्या खाली मऊ लोखंड. कानस दोन-चार वेळा फिरवली की कडक थर गेला. त्या दिवशी चाप छान हलका लागतो, मालक खूश होतो. मग मऊ लोखंड झिजायला लागतं, टोक बोथट होतं, आणि एके दिवशी बंदूक बंद करताना थोडी जोराने बंद झाली, किंवा बांधावरून उतरताना दस्ता दगडाला लागला, की चापाला बोट नसताना बार होतो. समोर कोण असेल ते नशीब.

"पण सेफ्टी लावलेली असते" असं मला कितीतरी जणांनी सांगितलं आहे. बहुतेक दुनळ्यांमध्ये सेफ्टी फक्त चापाला अडवते. सिअरला ती हात लावत नाही. खाच झिजली असेल तर सेफ्टी लावलेल्या बंदुकीचाही घोडा पडू शकतो. दुनळीचा चाप साधारण दीड ते दोन किलोच्या ओढीला सुटावा, असा तोल मुद्दाम राखलेला असतो. आम्ही ताणकाट्याने तो मोजतो, खाचेचा कोन भिंगाखाली बघतो, कानशीऐवजी बारीक दगडाने एकाच दिशेने हात फिरवतो, गरज पडली तर तो भाग पुन्हा कडक करतो, आणि मग रिकाम्या बंदुकीचा घोडा चढवून दस्ता रबरी गादीवर आपटून बघतो. घोडा पडला तर बंदूक परत देत नाही. घरात यातलं काहीच होत नाही, आणि हातात कानस असलेल्या माणसाचा चांगला हेतू इथे उपयोगी पडत नाही.

कमानीचंही तसंच. इंग्रजी 'व्ही'सारखी वाकवलेली पट्टीची कमान पकडीने दाबून काढली की पकडीच्या दातांचा आडवा ओरखडा तिच्यावर उठतो. डोळ्यांना तो नगण्य दिसतो, पण कमान प्रत्येक वेळी दबली की ताण त्याच ओरखड्यावर येतो आणि पुढच्या हंगामात ती तिथूनच तुटते. नवी मिळत नाही, घडवावी लागते. योग्य पोलादाची पट्टी घ्यायची, कानशीने टोकाकडे निमुळती करायची, ओरखडे सगळे लांबीच्या दिशेने घासून काढायचे, वाकवायची, लालबुंद करून तेलात विझवायची, मग पुन्हा बेताने तापवून तिचा ठिसूळपणा घालवायचा. एवढं करून पहिल्यांदा दाबताना ती मोडली तर पुन्हा पहिल्यापासून. कमानीचे पैसे सांगितले की लोक दचकतात, म्हणून हे लिहिलं. साधा स्क्रू ड्रायव्हरसुद्धा इथे चालत नाही. बाजारातल्या स्क्रू ड्रायव्हरचं पातं टोकाकडे निमुळतं असतं आणि बंदुकीच्या स्क्रूची खाच केसाएवढी अरुंद नि सरळ असते. पातं वर सरकतं, खाच चेपते, आणि मग तो स्क्रू काढण्यातच आमचा निम्मा दिवस जातो. आम्ही प्रत्येक बंदुकीसाठी पातं घासून बसवून घेतो.

नळी आणि मागचा भाग यांच्यातला सांधा हा तिसरा घरगुती उद्योग. जुनी दुनळी वापरून वापरून ढिली होते. पुढचं लाकूड काढून, रिकामी बंदूक दस्त्याला धरून हलवली की नळ्या खुळखुळतात. हे बघणं मात्र तुम्ही घरी जरूर करा, वर्षातून एकदा तरी. खुळखुळ आली की बंदूक बाजूला ठेवा. काय होतं, तर डब्याच्या पत्र्याची चकती कापून सांध्यात बसवली जाते, खुळखुळ थांबते, आणि बंदूक 'टाइट' झाली म्हणून पुन्हा वापरात येते. बारा बोअरच्या काडतुसाचा दाब ७४० बारपर्यंत (इथे बार म्हणजे दाब मोजायचं एकक) जाऊ शकतो, आणि मोटारीच्या टायरमध्ये तो सव्वादोन बारच्या आसपास असतो. तो दाब तुमच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर अडवणारा सांधा डब्याच्या पत्र्यावर सोडून चालणार नाही. पत्रा बंदूक दोनदा उडवली की चेपतो, फट परत येते, आणि आता ती दिसतही नाही. कारागीर आकड्याचं लोखंड भरून ते मागच्या तोंडाला काजळी लावून लावून बसवतो, जोवर काजळीचा ठसा सगळीकडे सारखा उठत नाही तोवर.

काडतुसांबद्दल थोडंच. आपल्याकडच्या कितीतरी दुनळ्या आजोबांच्या काळच्या इंग्रजी आहेत, कारण परदेशी बंदुकांची खासगी आयात १९८० च्या दशकात जवळजवळ बंद झाली. त्यांतल्या अनेकांची काडतुसाची जागा ६५ मिलिमीटरची आहे. ७० चं काडतूसही तिच्यात सहज बसतं, कारण ती लांबी उडालेल्या, तोंड उघडलेल्या काडतुसाची मोजतात. बसलं म्हणजे चालतं असं नाही. तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. तुमच्या बंदुकीची लांबी किती ते कारागिराकडून एकदा बघून घ्या आणि परवान्याच्या पुस्तकात चिठ्ठी लावून ठेवा. आणि बार करताना आवाज नेहमीपेक्षा 'फुस' असा आला, तर दुसरा बार करू नका. आतलं बूच नळीतच अडकलेलं असू शकतं. बंदूक मोडा, नळीतून आरपार बघा. काडतूस किंवा केप वाजूनही बार झालाच नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून मिनिटभर तसेच उभे राहा. ठासणीच्या बंदुकीत काडतुसातली किंवा फटाक्यातली दारू घालणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, ती नळी काळ्या दारूच्या दाबासाठी केलेली आहे. फुटते तेव्हा डावा हात जातो.

तरुण मंडळी आता फोनवर व्हिडिओ बघून हात घालतात. त्यांचा उत्साह मला कळतो, लोखंडाचं काम आहेच तसं. पण ते व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतले असतात. तिथे मालकाने स्वतःच्या बंदुकीवर काम करणं सर्वसाधारणपणे कायद्याला मान्य आहे, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ज्या बंदुकांवर ते काम करतात त्यांचे भाग कारखान्यातून एका मापाचे निघतात. एक काढला, दुसरा बसवला. आपल्या हातातली जुनी दुनळी तशी नाही. तिचा प्रत्येक तुकडा त्या एकाच बंदुकीसाठी कोणीतरी हाताने घासून बसवलेला आहे. शेजाऱ्याच्या त्याच कंपनीच्या, त्याच सालच्या बंदुकीतला सिअर तुमच्या बंदुकीत बसला तरी नीट बसला असं होत नाही. व्हिडिओतल्या माणसाला जो भाग दहा मिनिटांत बसतो तो बसवायला आम्हाला दोन दिवस लागतात, त्याचं कारण हे आहे.

कायद्याची बाजूही ऐका. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ मध्ये शस्त्र बनवणं आणि विकणं यांच्याच ओळीत त्याचं रूपांतर करणं आणि ते दुरुस्त करणं हेही आहे, आणि त्यासाठी वेगळा परवाना लागतो. तुमचा परवाना बंदूक बाळगण्याचा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ च्या उल्लंघनाची शिक्षा किमान ७ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप अशी आहे. नळी आखूड करण्यासाठी कलम ६ वेगळं आहे आणि शिक्षा तीच. डुक्कर हाकायला झाडीतून वावरताना लांब नळी अडते म्हणून कापून घेणारे लोक आहेत, त्यांनी हे दोनदा वाचावं.

यात मला सर्वांत जास्त वाईट वाटतं ते तालुक्याच्या गावच्या लेथवाल्याचं. तो हुशार असतो, हात चांगला असतो, पंपाचे शाफ्ट आणि पॉवर टिलरचे भाग तो डोळे मिटून करतो. तुम्ही ओळखीने निपल नेऊन देता, "असंच एक करून दे" म्हणता, तो शंभर-दोनशे रुपयांत करूनही देतो. त्याला माहीतही नसतं की त्याने काय केलं. त्याच्याकडे परवाना नाही, नोंदवही नाही, आणि उद्या त्या बंदुकीचं काही झालं तर पहिला तो आत जाईल. ज्याने तुमच्यावर उपकार केले त्याला असं अडकवू नका. वेल्डिंगवाल्याचंही तेच. शिवाय दुनळीच्या नळ्या एकमेकींना मऊ झाळणाने जोडलेल्या असतात, वेल्डिंगच्या उष्णतेने ते झाळण वितळतं आणि नळ्या सुट्या व्हायला लागतात. काळा रंग चढवण्याच्या गरम रसायनाचाही त्यावर तसाच परिणाम होतो, म्हणून दुनळीला तो रंग चढवून घेऊ नका.

गंजाबद्दल राहिलेली एक गोष्ट. पॉलिश पेपरने बंदूक चकचकीत करू नका. गंजाबरोबर नंबरही घासला जातो. नंबर पुसणं किंवा बदलणं कलम ८ खाली येतं, आणि नूतनीकरणाच्या वेळी नंबर वाचता आला नाही तर ते तुम्ही मुद्दाम केलं नाही हे पटवून देताना नाकी नऊ येतील. तेल लावून रात्रभर ठेवा, जाड कापडाने किंवा बारीक पितळी ब्रशने हलक्या हाताने घासा, नंबराच्या जागी फक्त कापड.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, कारागीर आहे कुठे? बरोबर आहे, आणि इथे चूक तुमची नाही. अख्ख्या तालुक्यात एकही परवानाधारक दुरुस्तीवाला नसलेले तालुके आहेत. एसटीने बंदूक घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात जायचं, वाटेत कोणी अडवलं तर कागद दाखवायचे, दुकान बंद असलं तर परत यायचं, यात शेतकऱ्याचा दिवस जातो आणि मजुरी जाते. वयस्कर माणसाला तर ते शक्यच होत नाही. म्हणून एक तरतूद सांगतो, जी फार कमी लोकांना ठाऊक आहे. परवानाधारकासमोर, किंवा त्याने लेखी अधिकार दिला असेल तर त्याच्या माघारी, दुसरी व्यक्ती दुरुस्तीसाठी किंवा परवान्याच्या नूतनीकरणासाठी बंदूक नेऊ शकते. कलम ३ मध्येच ते आहे. तेव्हा बाबांच्या नावची बंदूक मुलगा आणू शकतो, पण सही केलेलं पत्र, परवान्याची मूळ प्रत आणि रिकामी, खोळीत घातलेली बंदूक हवी. पत्राशिवाय आलेल्या मुलाला आम्ही परत पाठवतो तेव्हा रागावू नका.

जिल्हादंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षक हे पत्र वाचत असतील तर त्यांनाही विनंती आहे. आमचे दुरुस्तीचे परवाने दुकानाच्या जागेला बांधलेले आहेत, आम्ही गावोगाव फिरू शकत नाही आणि फिरूही नये. पण वर्षातून एकदा, मे महिन्यात, तालुक्याच्या पोलीस ठाण्याच्या आवारात पोलिसांच्या देखरेखीखाली तपासणीचा एक दिवस ठेवला आणि परवानाधारक कारागिराला तिथे बसायची लेखी परवानगी दिली, तर किती धोकादायक बंदुका तिथल्या तिथे बाजूला काढता येतील. परवान्याची मुदत २०१९ नंतर ३ वर्षांवरून ५ वर्षं झाली. शेतकऱ्याचे हेलपाटे वाचले, चांगलं झालं. पण त्याचा अर्थ असाही आहे की बंदूक कोणाच्या नजरेखालून जायला आता ५ वर्षं लागतात, आणि तेव्हाही नंबर बघितला जातो, सांधा आणि सिअर नाही. निवडणुकीच्या काळात ज्या बंदुका जमा करून घेतल्या जातात त्या महिना-दोन महिने ठाण्याच्या खोलीत एकमेकींवर पडून असतात. जमा करतानाच नळीत तेलाचा हात दिला आहे ना हे बघायला एका शिपायाला सांगितलं, आणि आडव्या ढिगाऐवजी उभ्या लाकडी घोडीवर ठेवल्या, तरी बरंच नुकसान टळेल. शेतकऱ्यांनीही जमा करायला जाताना बंदूक पुसून, तेल देऊन न्यावी आणि पावतीवर नंबरासोबत तिची स्थिती लिहून घ्यावी.

आणि आणखी एक. आयटीआयचा फिटर झालेली मुलं गावागावांत आहेत. आमच्या धंद्यात पुढची पिढी येत नाही, कारण दुरुस्तीचा परवाना मिळेल की नाही याची खात्री नसताना कोणी आठ-दहा वर्षं बाकावर बसून हात घडवणार नाही. चारित्र्य तपासून, परवानाधारक कारागिराच्या हाताखाली नाव नोंदवून शिकायची आणि शिकल्यावर परवाना मिळायची वाट सोपी झाली, तर लेथवाल्याकडे चोरून जाणारी कामं आपोआप थांबतील. शेतकऱ्याला गुन्हा करायचा नसतो, त्याला फक्त डुकरं यायच्या आत बंदूक चालू हवी असते.

तेव्हा पुन्हा तुमच्याकडे येतो. या वर्षी बंदूक आणाल तेव्हा भात पोटरीला यायची वाट बघू नका, मे महिन्यातच आणा. आधी फोन करा. येताना परवाना आणा, बंदूक रिकामी आहे याची गजाने किंवा मोडून खात्री करा, उरलेली काडतुसं घरीच ठेवा. घरी काही खोललं असेल तर ते लपवू नका, निघालेला प्रत्येक तुकडा, मोडलेला असला तरी, डबीत घालून घेऊन या. मोडक्या कमानीवरून नवीचं माप काढता येतं, हरवलेल्या कमानीवरून नाही. बंदूक हातात देताना ती काय करते ते सांगा: कधी बार चुकतो, कोणत्या नळीचा, घोडा कधी आपोआप पडला होता का. जेवढं सांगाल तेवढं आम्हाला कमी खोलावं लागेल. आणि काम झाल्यावर नोंदवहीत सही केल्याशिवाय, आणि बिल घेतल्याशिवाय, दुकानातून निघू नका. त्या बंदुकीचं काम परवाना असलेल्या हाताने झालं, याचा तुमच्याकडे तेवढाच कागद असतो.

आपला,
एक परवानाधारक बंदूक दुरुस्ती कारागीर